दहावीनंतरच्या वाटा : नववीपासून बारावीपर्यंत टप्प्याटप्प्याने करायची तयारी

पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी बरीच वर्षं दहावीचा वर्ग घेते आहे. निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून पालक येऊ लागतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत निकालाची झेरॉक्स, आणि तोंडी एकच प्रश्न : "बाई, सायन्सला मिळेल ना?"

मी एक जुनी प्रश्नपत्रिका उलटी करते, कोऱ्या बाजूला मधोमध 'दहावी' लिहून गोल करते आणि त्यातून रेघा काढू लागते. अकरावी, डिप्लोमा, आयटीआय, मुक्त विद्यालय. प्रत्येक रेघेला पुढे फाटे फुटतात आणि काही फाटे वळून दुसऱ्याच रेघेला जाऊन मिळतात. कागद भरत आला की पालक खुर्चीत नीट टेकून बसतात. तोवर ते अर्धे उठलेलेच असतात.

तो कागद खरं तर निकालानंतर नव्हे, नववीतच घरात यायला हवा. प्रत्येक वाटेबद्दल दोन प्रश्न विचारायचे. इथून पुढे कुठे कुठे वळता येतं? आणि वाट चुकली असं वाटलं तर परत कसं यायचं? किती टक्के पडले हा प्रश्न त्यानंतरचा. खाली जे लिहिलं आहे ते याच क्रमाने आहे.

पहिला टप्पा : नववीत एक वही करा

साधी शंभर पानी वही घ्या. मुलाने किंवा मुलीने स्वतःहून, कुणी न सांगता केलेल्या गोष्टी तारीख टाकून त्यात लिहायच्या. पंखा उघडून बघितला. आजीचं बँकेचं पासबुक भरून आणलं. गणपतीच्या मंडळाचा जमाखर्च लिहिला. धाकट्या भावाला अपूर्णांक समजावले. 'आवड काय?' असं थेट विचारलं की मुलं आपल्याला बरं वाटेल ते उत्तर देतात. सहा महिन्यांची वही उघडली की मूल कशात तासन् तास गुंततं ते आपोआप दिसतं.

वहीत दुसऱ्या बाजूने विषय लिहा, पण मार्कांपुढे आणखी एक रकाना हवा : हा विषय क्लास न लावता, स्वतः वाचून किती समजतो? नववीत विज्ञानाला ८५ मिळवणाऱ्या किती तरी मुलांचा अभ्यास पाठांतरावर उभा असतो. अकरावीच्या भौतिकशास्त्रात तो पाया खचतो, आणि तोवर वर्ष अर्धं संपलेलं असतं.

कल चाचणी करावी का, हे दर वर्षी विचारलं जातं. करायला हरकत नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका हे काम जुन्या अनुभवाने करते, आणि खासगी समुपदेशकही पुष्कळ आहेत. पण चाचणीच्या अहवालावर समोरासमोर बसून तासभर बोलणारा माणूस मिळत असेल तरच पैसे द्या. नुसता रंगीत आलेखांचा अहवाल घरी आणून कुणाचं काही ठरलेलं मी पाहिलेलं नाही. आणि वही सोबत न्या.

दुसरा टप्पा : कागदपत्रं, आणि त्यात सगळ्यात आधी नाव

हा भाग कंटाळवाणा वाटेल. पण सर्वांत जास्त रडारड मी याच पायी पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरला की शाळेकडे प्री-लिस्ट येते. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय सगळं त्यात छापलेलं असतं आणि विद्यार्थ्याने तपासून सही करायची असते. मुलं मधल्या सुटीत, मित्राच्या पाठीवर कागद ठेवून, न वाचता सही करतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं आडनाव इंग्रजीत आधारवर एका स्पेलिंगने होतं आणि गुणपत्रिकेवर दुसऱ्या. एकाच अक्षराचा फरक. अकरावीला कुणी अडवलं नाही. बारावीनंतर शिष्यवृत्तीच्या अर्जाला मात्र ते अक्षर आडवं आलं, आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत तिचे वडील रोजंदारी बुडवून हेलपाटे घालत राहिले. प्री-लिस्टच्या दिवशी मुलाच्या खिशात आधारची आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स ठेवा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चूक असेल तर ती नववीतच दुरुस्त करून घ्या, कारण शाळा सोडल्याचा दाखला त्याच रजिस्टरवरून निघतो.

बाकीची कागदपत्रं दहावीच्या दिवाळीपर्यंत हातात हवीत : वय-अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र. हे सगळं 'आपले सरकार'वरून किंवा सेतू केंद्रातून निघतं. मे-जूनमध्ये तिथल्या रांगा बघवत नाहीत, ऑक्टोबरमध्ये काम शांतपणे होतं. नॉन-क्रिमीलेअरची मुदत मात्र बघून घ्या, ते साधारणपणे प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं.

जातपडताळणी वेगळी. बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल अशा अभ्यासक्रमात राखीव जागा हवी असेल तर वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्याला वेळ लागतो. अकरावीचा प्रवेश झाला की ज्युनिअर कॉलेजमध्ये लगेच चौकशी करा. आजोबा-पणजोबांचे जुने दाखले गावाच्या शाळेतून काढायचे असतात, त्यासाठी मेची सुटी कारणी लावा.

चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा, शास्त्रीय संगीत, लोककला किंवा खेळ यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत ठरलेल्या तारखेच्या आत जावा लागतो. मूल यातलं काही करत असेल तर प्रमाणपत्रं फाइलला लावून वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा.

तिसरा टप्पा : वाटा नीट ओळखा

अकरावी ही सगळ्यांच्या ओळखीची वाट. इथली खरी निवड शाखेची कमी आणि विषयांची जास्त असते, आणि त्यावर घरात फारसं बोलणं होत नाही.

गणित सोडलं की इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर आणि मर्चंट नेव्हीची दारं मिटतात. जीवशास्त्र सोडलं की मेडिकल आणि नर्सिंगची डिग्री गेली. फार्मसी आणि कृषी पदवीला मात्र दोन्हीपैकी कुठलाही गट चालतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या दारावरून रोज जाणाऱ्या मुलांनाही नसतं, आणि ते महाविद्यालय १९०७ पासून तिथे उभं आहे. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. लष्करासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते, नौदल आणि हवाई दलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. म्हणजे खडकवासल्याला जायचं स्वप्न कला शाखेतूनही पाहता येतं, पण लेखी परीक्षेत गणिताचा पेपर आहेच. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट, सीए फाउंडेशन, पत्रकारिता, मानसशास्त्र यांना कुठलीही शाखा चालते. ज्या मुलाला वकील व्हायचं आहे त्याला 'सायन्स घेऊन ठेव, पुढे बघू' म्हणणं म्हणजे त्याची दोन वर्षं नको त्या विषयांत घालवणं.

वाणिज्य किंवा कला घेऊनही काही कॉलेजांत गणित घेता येतं. मुलीला अर्थशास्त्रात किंवा संख्याशास्त्रात पुढे जायचं असेल तर ही सोय शोधा. सायन्सला बायफोकलचाही पर्याय असतो. त्यात दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्याऐवजी संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स किंवा पीकशास्त्र असा दोनशे गुणांचा व्यावसायिक विषय घेता येतो. प्रॅक्टिकलची गोडी असणाऱ्या मुलाला तो मानवतो.

परत यायचं झालं तर? विज्ञानातून कला-वाणिज्यकडे येता येतं. उलटं जाता येत नाही. म्हणून 'आधी सायन्स' हा सल्ला लोकप्रिय आहे. मला तो अर्धाच पटतो. वाट बदलण्याची परवानगी कागदावर असली, तरी वर्षभर नापासाचा शिक्का सोसलेलं मूल बदललेल्या वाटेवर खचलेल्या मनाने उतरतं, त्याची नोंद कुठल्या नियमात नसते.

आता डिप्लोमा. दहावीनंतर तीन वर्षांचा, सहा सत्रांचा. विद्यापीठ रस्त्यावरचं शासकीय तंत्रनिकेतन १९५७ पासून आहे, वाडिया कॉलेजच्या आवारातली कुसरो वाडिया संस्था तर १९३८ची. डिप्लोमा झाल्यावर सीईटी न देता, डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हिशेब मांडून बघा : अकरावी-बारावी दोन आणि इंजिनिअरिंगची चार, एकूण सहा वर्षं. डिप्लोमा तीन आणि इंजिनिअरिंगची उरलेली तीन, तीही सहाच. फरक इतकाच, की दुसऱ्या वाटेत तीन वर्षांनंतर हातात नोकरीला चालणारा कागद असतो आणि चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत त्याला किंमत आहे. घरात अचानक अडचण आली तर मुलगा तिथे थांबू शकतो. पहिल्या वाटेत तसा टप्पा नाही. मात्र पंधराव्या-सोळाव्या वर्षी मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर यातलं एक ठरवावं लागतं, आणि मेडिकलची वाट संपते. मुलाचं मन अजून दोन्हीकडे असेल तर घाई करू नका.

आयटीआयबद्दल बोलायला लागलं की खोलीतली हवा बदलते. आई मुलाकडे बघते, वडील जमिनीकडे. 'हुशार नाही म्हणून आयटीआय' ही समजूत इतकी घट्ट बसली आहे, की चांगले हात घेऊन जन्मलेली मुलंही स्वतःला कमी समजू लागतात. मला याचा मनापासून राग येतो.

इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड, हे एका वर्षाचे. काही ट्रेडना दहावी नापास विद्यार्थ्यालाही प्रवेश मिळतो. ट्रेडनंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिसशिप करता येते, त्यात विद्यावेतन मिळतं आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र. हे झालं पहिलं दार. दुसरं दार कुणी सांगतच नाही : दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथून दोन वर्षांनी डिप्लोमा, तिथून इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. दोन, दोन आणि तीन, म्हणजे सात वर्षं. बारावीच्या वाटेपेक्षा फक्त एक जास्त. शिवाय भाषा विषयांची अट पूर्ण करून आयटीआयवाल्याला बारावीची समकक्षता मिळवता येते, म्हणजे बीए-बीकॉमकडेही वळता येतं.

बारावी व्होकेशनल, जिला अजून सगळे एमसीव्हीसीच म्हणतात, ही मधली वाट. अकरावी-बारावी दोन वर्षं, पण निम्म्याहून जास्त भर व्यवसायावर. प्रवेशाआधी त्या कॉलेजात त्या कोर्सची प्रयोगशाळा खरोखर चालू आहे का, हे डोळ्यांनी बघा.

आणि मुक्त विद्यालय. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, याची बारावी इतर मंडळांच्या बरोबरीची आहे. पाच विषय, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात नऊ संधी मिळतात. एक-एक विषय सवडीने सोडवता येतो. राज्य पातळीवर खेळणारी मुलं, तबला किंवा कथकला दिवसाचे सहा तास देणारी मुलं, दीर्घ आजारातून उठलेली मुलं यांना ही वाट आधार देते. पण घरात रोज अभ्यासाला बसवणारं कुणी नसेल तर पाच वर्षं कधी निघून गेली कळत नाही. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म हा याचाच भाऊबंद : शाळा सुटलेल्या विद्यार्थ्याला खासगीरीत्या दहावी-बारावीला बसता येतं.

चौथा टप्पा : जाऊन बघा

दहावीच्या दिवाळीच्या सुटीनंतर एक दिवस औंधच्या शासकीय आयटीआयला, एक दिवस तंत्रनिकेतनाला, एक दिवस घराजवळच्या ज्युनिअर कॉलेजला द्या. आधी ऑफिसात फोन करून किंवा शाळेचं पत्र नेऊन परवानगी घ्या. मूल सोबत हवंच.

मी एका वर्षी दहा-बारा मुलांना फिटिंगचं वर्कशॉप बघायला घेऊन गेले होते. व्हाइसमध्ये पकडलेला लोखंडाचा चौकोनी तुकडा एक मुलगा कानसीने घासत होता. घासायचं, थांबायचं, तुकडा काढायचा, त्यावर गुण्या टेकवायचा आणि डोळ्यांसमोर धरून खिडकीच्या उजेडाकडे बघायचं. गुण्याच्या आणि लोखंडाच्या मधून उजेडाची रेघ दिसली तर बाजू अजून सपाट नाही. पुन्हा घासायचं. माझ्याबरोबरची मुलं पाच मिनिटांत बाहेर पडली. एक जण मात्र हलेना. गणिताच्या तासाला दहा मिनिटं जागेवर न बसणारा तो मुलगा पाऊण तास तिथे उभा राहून ती उजेडाची रेघ बघत होता. नंतर त्याने स्वतःच गुण्या हातात मागून घेतला. त्याच्या आईला मी ते सांगितलं तेव्हा तिला आधी खोटंच वाटलं.

जाल तेव्हा बघायच्या गोष्टी साध्या आहेत. मशिनवर धूळ आहे की तेल? प्रयोगशाळेच्या टेबलांवर वापराच्या खुणा आहेत का? दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन विचारा, तास होतात का आणि मागच्या वर्षीची मुलं आता कुठे आहेत. माहितीपत्रक घरी येऊन वाचता येतं.

विज्ञानाकडे ओढा असेल तर पुण्याइतकं नशीबवान शहर क्वचितच असेल. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात, २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त संस्था खुल्या होतात, नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या आवारात मोठं प्रदर्शन भरतं. तिथे मुलाने प्रश्न विचारला की फक्त सेल्फी काढला, ते वहीत लिहा.

ओळखीच्या कामाच्या जागाही दाखवा : मामाचं भोसरीतलं वर्कशॉप, शेजारच्या काकूंचं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस, कुणाचं मेडिकलचं दुकान. तीन-चार दिवस बसून फक्त बघायचं. काम करवून घ्यायचं नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं आणि अठराच्या आतल्याला धोक्याच्या कामाला लावणं कायद्याने बंद आहे, त्यामुळे चालू मशिनपासून लांब.

पाचवा टप्पा : फॉर्म आणि पसंतीक्रम

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होऊ लागले. पुणे-पिंपरी चिंचवडला ती पद्धत त्याआधीपासूनच होती. फॉर्मचे दोन भाग असतात : पहिल्यात माहिती, दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम. दहापर्यंत पसंत्या देता येतात. दहावीच्या सहा विषयांपैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण, म्हणजे पाचशेपैकी गुण, धरले जातात.

नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, म्हणून सूचनापत्रक स्वतः वाचा, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि तुम्ही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडता. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर 'बघू मिळतंय का' म्हणून काहीही टाकू नका. मिळालं तर नक्की जाऊ, असंच कॉलेज तिथे हवं.

क्रम लावताना मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवा आणि तीन थर करा. पहिले तीन-चार आपल्या गुणांहून जरा वरचे, मधले तीन-चार बरोबरीचे, शेवटचे दोन-तीन नक्की मिळणारे. शेवटचा थर न भरल्यामुळे नव्वद टक्क्यांची मुलं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत रिकामी राहिलेली मी पाहिली आहेत.

प्रवासाचाही विचार करा. फर्ग्युसन किंवा एसपी कॉलेजचं नाव मोठं आहे, पण हडपसरच्या पुढून रोज दोन बस बदलून येणारी मुलगी संध्याकाळी सातला घरी पोचते आणि जेवून झोपते. आता वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट अशा दोन मेट्रो मार्गांमुळे काही भागांतून हे सोपं झालं आहे. प्रवेशाआधी एकदा तरी तासाच्या वेळेला, गर्दीत, मुलासोबत तो प्रवास करून बघा.

डिप्लोमाची प्रवेश प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालयाची, आयटीआयची व्यवसाय शिक्षण संचालनालयाची. अकरावीची धरून या तिन्ही वेगवेगळ्या आहेत आणि साधारण एकाच सुमाराला चालतात. तिन्हीकडे अर्ज करायला काहीच आडकाठी नाही, आणि मी तसा आग्रहच धरते. तारखा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकाच ठिकाणी देता येतो, तेव्हा तो कुठे आणि कधी द्यायचा हे घाईत ठरवू नका.

कॉलेज आणि खासगी क्लास यांची सांगड घालणाऱ्या 'इंटिग्रेटेड'वाल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कॉलेजात नाव फक्त हजेरीपुरतं, मुलं दिवसभर क्लासला, प्रॅक्टिकलच्या वह्या परीक्षेच्या आठवड्यात उतरवून घ्यायच्या. ज्याला प्रयोगातून विज्ञान कळणार आहे त्याचं यात कायमचं नुकसान होतं. एका मुलाने बारावीच्या फेब्रुवारीत मला विचारलं होतं, "बाई, ब्युरेट आणि पिपेट यांत फरक काय?" त्याला त्या वर्षी प्रॅक्टिकलला चांगले गुण पडले होते.

सहावा टप्पा : निकाल मनासारखा नसेल तर

एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीत बसता येतं, विषय मात्र सोडवावेच लागतात. पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, तेव्हा वर्ष वाया गेलं असं कुणी म्हणू देऊ नका. पास झालात पण गुण कमी वाटतात, तर श्रेणीसुधारसाठी पुन्हा बसता येतं. त्यासाठी वर्ष थांबायचं का, याचं माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं.

निकालाच्या दिवशी घरी फोन बंद ठेवा. आत्या, काका, बिल्डिंगमधले, सगळ्यांना दोन दिवसांनी सांगता येईल. त्या दिवशी मूल जेवलं का आणि रात्री खोलीत एकटं आहे का, इतकंच बघायचं. फॉर्म तिसऱ्या दिवशी.

सातवा टप्पा : अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि पैशांची जुळवाजुळव

अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीनंतर पुन्हा वही काढा. मूल झगडतंय पण समजतंय, तर धीर द्या. समजतच नसेल तर शाखा बदलण्याची मुदत कॉलेजात विचारा, ती लवकर संपते. बारावी सायन्सनंतरही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हा फाटा नकाशावर आहे हे मुलाला माहीत असू द्या. सीईटी मनासारखी गेली नाही तर ते जग बुडाल्यासारखं घेणार नाही.

पैशांचं बोलणं मुलांसमोर करा. सोळा वर्षांच्या मुलाला घरची परिस्थिती कळते, न सांगितलं तर ते जास्तच वाईट कल्पना करतं. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलीचं इंजिनिअरिंग परवडणार नाही म्हणून तिला घराजवळ कुठेतरी घालणारे पालक आजही भेटतात, त्यांना मी हे दोनदा सांगते. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी, उत्पन्नाच्या याच मर्यादेत, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर, आणि दर वर्षी नव्याने लक्ष ठेवून. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर या सवलतींवर पाणी सोडावं लागतं, हे डोनेशन ठरवण्याआधी विचारात घ्या.

जुन्नर, वेल्हे, इंदापूरहून येणाऱ्या मुलांना राहण्याचा प्रश्न असतो. विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून पुण्यात ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींची सोय करते आहे. विद्यापीठात आणि त्याच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावून, बागेत काम करून खर्च भागवत शिकलेले कित्येक जण आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत.

आठवा टप्पा : पदवीतले थांबे

नव्या शैक्षणिक धोरणानंतर बीए, बीकॉम, बीएस्सीला मधले थांबे आले आहेत. एक वर्ष आणि किमान ४० क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, झाले की सर्टिफिकेट, दोन वर्षं आणि ८० झाले की डिप्लोमा, तीन वर्षांनी १२० क्रेडिटची पदवी, चार वर्षांनी १६० क्रेडिटची ऑनर्स. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर थांबायचं असेल तर चार क्रेडिटचा कौशल्याचा छोटा अभ्यासक्रम आणखी करावा लागतो. थांबलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. वडिलांच्या आजारपणात कॉलेज सुटलेल्या मुलीला पूर्वी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे, आता तिने मिळवलेलं तिच्या खात्यावर जमा राहतं.

हे खातं म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, आणि ते अपार आयडीला, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाला, जोडलेलं असतं. हा आयडी आता शाळेतच निघतो. काढताना आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं, तेव्हा आज संध्याकाळी मुलाचं आधार कार्ड आणि मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवरची स्पेलिंग बोटाने वाचून बघा.